हाडं ठिसूळ झालीत: इंजेक्शन घ्यावं की नुसत्या कॅल्शियमवर भागवावं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. औसा तालुक्यात राहते. उन्हाळ्यात टँकर आला तेव्हा पाणी भरून घेताना अंगणात पाय घसरला, हात टेकवला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर लातूरच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला लावली. कण्याचा टी-स्कोअर उणे ३.१ आणि खुब्याचा उणे २.६ आला. "ऑस्टिओपोरोसिस आहे, वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घ्या," असं ते म्हणाले. शेजारीण म्हणते त्या इंजेक्शननं जबडा सडतो. जाऊबाई म्हणतात कॅल्शियमच्या गोळ्या खा, बास झालं. आमचे हे म्हणतात वयानं हाडं झिजायचीच, त्याला औषध कसलं. मला जुनी ॲसिडिटी आहे, थायरॉइडची १०० ची गोळी चालू आहे, ३८ व्या वर्षी पिशवी काढली आहे. कोजागिरीला दरवर्षी तुळजापूरला पायी जाते, ते आता बंदच करायचं का? ह्यांच्या गुडघेदुखीला एका वैद्याच्या पुड्या चालू आहेत, गुण चांगला आहे. त्याच मी घेतल्या तर?

बाई, सप्रेम नमस्कार.

रिपोर्टातले दोन्ही आकडे तुम्ही जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, त्यामुळं मोघम बोलावं लागणार नाही. माझं मत आधी सांगते, कारणं मागून. तुम्ही औषध घ्यायला हवं, नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही. कोणतं घ्यायचं हे पक्कं करायला मात्र दोन-चार तपासण्या बाकी आहेत, त्या आधी करून घ्या.

टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी बाईच्या हाडाच्या मानानं आपलं हाड किती विरळ झालंय याचं माप. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये त्याची रेघ आखून दिली: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे विरळ व्हायला सुरुवात, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. तुमचे दोन्ही आकडे रेघेखाली आहेत. पण मला त्या आकड्यांपेक्षा तुमचं मनगट जास्त बोलकं वाटतं. उभ्या जागी पाय घसरून हात टेकला आणि हाड मोडलं, असं धडधाकट हाडाचं सहसा होत नाही. असं एक हाड मोडलं की दुसरं मोडायची शक्यता वाढते, आणि पहिल्या दोनेक वर्षांत ती सगळ्यात जास्त असते. तुम्ही आत्ता नेमक्या त्याच काळात आहात.

यजमानांना एवढं सांगा की हाडं झिजतात सगळ्यांची, मोडत नाहीत सगळ्यांची. आणि खुबा मोडला तर नुसतं हाड मोडत नाही. ऑपरेशन उत्तम झालं तरी कितीतरी बायका पुन्हा स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जात नाहीत. मग अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ. हे मी वॉर्डात बघत आलेय, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असं तुम्हाला म्हणायला माझं मन धजत नाही.

आता राहिलेल्या तपासण्या. पहिली म्हणजे पाठीच्या कण्याचा बाजूनं काढलेला साधा एक्सरे. मणका दबून चपटा झाला तरी निम्म्याहून जास्त वेळा ते कळतच नाही, पाठ भरून आली म्हणून बाम चोळला जातो. तुम्ही फळ्यावर लिहिणाऱ्या. शेवटच्या काही वर्षांत फळ्याच्या वरच्या कडेला हात पुरेनासा झाला होता का? तरुणपणच्या उंचीत चारेक सेंटीमीटरची घट असेल, किंवा भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहिल्यावर डोकं मागं टेकत नसेल, तर एक्सरे काढल्याशिवाय पुढं जाऊच नका. मणका दबलेला निघाला तर औषधाचा सगळा हिशेब बदलतो. तो कसा, ते खाली लिहिते.

रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिनसह सीबीसी आणि ईएसआर बघून घ्या. टीएसएच तर नक्कीच. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त डोसची झाली तर तीच हाडं पोखरते, आणि १०० ची गोळी कित्येक वर्षं न तपासता चालू असलेल्या बायका मला नेहमी भेटतात. डॉक्टरांना वाटलं तर ते पॅराथायरॉइड हार्मोन आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणीही सांगतील. हाडं विरळ होण्यामागं दुसराच आजार दडलेला नाही ना, एवढ्यासाठीच हे सगळं.

पिशवीचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात, मला तिथं थांबावंसं वाटतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते का? डिस्चार्ज कार्ड असेल तर शोधा, नसेल तर सोनोग्राफीत अंदाज येतो. दोन्ही बीजकोश ३८ व्या वर्षी गेले असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी संपलं. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात झपाट्यानं झिजतं, म्हणजे बरोबरीच्या मैत्रिणींपेक्षा तुमची झीज सात-आठ वर्षं आधीच सुरू झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारनं समिती नेमली. पण त्या बायकांच्या हाडांचं पुढं काय होणार, यावर पुरेसं बोललं गेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांचं चाळिशीच्या आत असं ऑपरेशन झालंय त्यांनी मनगट मोडायची वाट बघू नये. त्या वयात हार्मोनच्या गोळ्यांचाही विचार करता येतो. तुमच्या वयाला आता त्या नव्यानं सुरू करत नाहीत.

जाऊबाईंच्या कॅल्शियमकडं वळते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, त्याशिवाय कोणतंही औषध नीट काम करत नाही. पण घरात सिमेंट-वाळू आणून टाकली म्हणून पडकी भिंत आपोआप उभी राहत नाही, गवंडी लागतोच. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपल्या ज्वारीच्या भाकरीत ते नावालाच असतं. मोठा कप दूध म्हणजे साधारण २५० मिलिग्रॅम, वाटीभर दही त्याहून थोडं कमी. नाचणी आपल्या भागात पिकत नाही, पण तीळ, कारळ, जवस आहेत, शेवग्याचा पाला आहे, राजगिऱ्याची भाजी आहे. भाकरीला तीळ संक्रांतीपुरते कशाला, रोज लावा. कारळाची चटणी ताटात असू द्या. दोन वेळा दूध-दही आणि हे सगळं पोटात जात असेल तर वरून ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरे. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्यायची, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. सकाळी दोन्ही एकत्र घेत असाल तर थायरॉइडची गोळी वाया जातेय. उपवास किती करता ते लिहिलं नाहीत. आठवड्यातले तीन-तीन दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या बाईला प्रथिनंही मिळत नाहीत, आणि हाडाला प्रथिनं तेवढीच लागतात. वरण घट्ट खा. अंडं चालत असेल तर खा.

ऊन मराठवाड्याला कमी नाही, तरी ड जीवनसत्त्व कमी निघतं, कारण आपण पदर-स्कार्फ घेऊन सावली गाठतो. हिवाळ्यात-पावसाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बसा. एप्रिल-मेमध्ये मात्र हा सल्ला पाळू नका. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तेवढे आठवडेच घ्यायची. वर्षभर मनानं घेत राहिलात तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि मोबाइलवर फिरणारा तो गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खायचा उपाय करू नका. चुना दाहक असतो, तुमच्या ॲसिडिटीला तो अजिबात नको.

आता औषधं. सगळ्यात जास्त दिलं जातं ते बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. यातली ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. स्वस्त आहे, वर्षानुवर्षं वापरात आहे, आणि जिचं पोट ठीक आहे तिच्यासाठी उत्तम आहे. पण घ्यायची रीत कडक. सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते. तुम्हाला जुनी ॲसिडिटी, त्यात थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी गोळी टाळून सलाईन सुचवलं असावं, आणि मला ते पटतं.

ते सलाईन म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, निदान पंधरा मिनिटं सावकाश. २००७ मध्ये साडेसात हजारांहून जास्त बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत औषध न घेतलेल्या दर हजार बायकांमागं सुमारे १०९ जणींचा मणका नव्यानं दबला, औषध घेतलेल्यांत ३३ जणींचा. खुबा मोडला तो हजारात २५ जणींचा, औषधावर १४ जणींचा. म्हणजे औषध घेऊनही कुणाचंच हाड मोडणार नाही असं नाही, पण फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे.

आता शेजारणीचा जबडा. तिनं ऐकलेलं खोटं नाही, पण ते तुमच्याबद्दलचं नाही. जबड्याचं हाड उघडं पडून बरं न होण्याचा प्रकार बहुतेक करून कॅन्सरच्या रुग्णांत दिसला. त्यांना हेच औषध दर तीन-चार आठवड्यांनी देतात. ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत तो वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही विरळ. वर दिलेल्या १०९ आणि ३३ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. तरी दाताच्या डॉक्टरकडं आधी जाऊन या. हलणारा, किडका दात काढायचा असेल तर तो इंजेक्शनच्या आधी काढा आणि हिरडी भरू द्या. मशेरी लावत असाल तर ती सोडा, हाडांसाठी आणि तोंडासाठीही. दुसरा दुर्मीळ त्रास मांडीच्या हाडाला आडवी चीर जाण्याचा. औषध पाच वर्षांच्या पुढं चालू राहिलं की त्याची शक्यता वाढत जाते, म्हणून तीन सलाईन झाल्यावर थांबून पुन्हा डेक्सा करतात आणि सुट्टी द्यायची की पुढं न्यायचं ते ठरवतात. मधे कधी मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखत राहिलं तर अंगावर काढू नका.

पहिल्या सलाईननंतर एक ते तीन दिवस ताप, अंगदुखी, थंडी वाजणं असं बऱ्याच जणींना होतं. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, पाहुणे येणार असतील ते दिवस टाळा. पुढच्या वर्षी हा त्रास फार कमी होतो. पहिल्याच वर्षी घाबरून सोडून देणाऱ्या बायका पाहिल्यात, म्हणून आधीच सांगतेय. ड जीवनसत्त्व कमी असताना हे सलाईन लावलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून हातापायाला मुंग्या येतात. आधी ते भरून काढायचं, मग सलाईन. आणि मूत्रपिंडाचं रक्त गाळायचं काम (क्रिएटिनिनवरून ते काढतात) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. क्रिएटिनिन त्यासाठीच.

मूत्रपिंड अधू निघालं तर डेनोसुमॅबचा पर्याय आहे. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. औषध प्रभावी आहे, पण तारीख चुकवायची नाही. उशीर झाला किंवा मनानं बंद केलं तर झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. थांबवायचंच झालं तर त्याजागी बिस्फॉस्फोनेट देऊनच थांबवतात. आपल्याकडं लग्नसराईत, पेरणीत, दिवाळीत दवाखान्याची खेप सहज पुढं ढकलली जाते. ज्या घरात असं होतं तिथं हे औषध सुरू करताना मी दहादा विचार करीन.

आणि एक्सरेत मणके दबलेले दिसले तर? मग टेरिपॅराटाइडबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. बाकीची औषधं झीज थांबवतात, हे नवं हाड बांधतं. रोज स्वतः टोचून घ्यायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि ते संपल्यावर लगेच झीज थांबवणारं औषध, नाहीतर कमावलेलं निघून जातं. पेन फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, खर्चही महिन्याचा महिना येतो. वीज तासन्‌तास जात असेल तर त्याचीही सोय बघावी लागेल. क्रम महत्त्वाचा आहे, आधी बांधणारं आणि मग राखणारं. म्हणूनच सलाईनची घाई करण्याआधी एक्सरेचा आग्रह धरतेय. रॅलोक्सिफीन नावाची रोजची गोळीही आहे, पण ती मुख्यतः मणक्यांना राखते, खुब्याचं रक्षण तिच्यानं होत नाही. तुमचा खुबाही विरळ आहे, तेव्हा ती सोडून द्या.

थोडक्यात तुमच्यापुरतं: मणके शाबूत, क्रिएटिनिन बरं, दात ठीक, तर वर्षाचं सलाईन घ्या. किमतीत ब्रँडप्रमाणं खूप फरक असतो. संकोच न करता विचारा, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन दुसरं मत घ्यायलाही काही हरकत नाही. पुढची डेक्सा दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशिनवर. शिबिरात टाचेवर लावतात ते मशिन त्यासाठी चालत नाही.

औषध कितीही चांगलं असलं तरी तुम्ही पडलातच नाहीत तर हाड मोडणारच नाही. पाण्याचं आधी बोलू. टँकर आल्यावर घाई, अंगण ओलं, हंडा पंधरा-वीस किलोचा, आणि बाई कमरेत वाकून तो एका झटक्यात उचलते. विरळ मणका दबायला याहून वाईट हालचाल नाही. भरलेला हंडा तुम्ही आता उचलायचा नाही. पाइप टाकीत सोडा, नाहीतर लहान कळशीनं, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून न्या. शहाबादी फरशीवर शेवाळ धरू देऊ नका, न्हाणीत धरायला दांडी बसवा, रात्री उठल्यावर आधी दिवा. एसटीत शेवटच्या बाकावर बसू नका, खड्ड्यात गाडी आदळली की नेमका तो धक्का मणक्याला बसतो.

व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम. पाठ मागं ताणणारे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. योगवर्गाला जात असाल तर पायाचे अंगठे धरायचे आणि खाली वाकायचे प्रकार सोडा. सूर्यनमस्कारातलं पुढं वाकणंही त्यात आलं.

तुळजापूरची वाट बंद करू नका. चालणं हाडाला हवंच असतं. या वर्षी मनगट नुकतं जुळलंय, एक्सरे व्हायचाय, तेव्हा सगळी वाट पायी चालण्याऐवजी शेवटचा टप्पा चाला. पिशवी पाठीवर नको, पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, रात्रीच्या अंधारात बॅटरी. देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि कल्लोळ तीर्थाजवळची फरशी भक्तांच्या आंघोळीनं ओली असते. तिथं गर्दीत शिरताना कुणाचा तरी हात धरा. एक्सरे चांगला निघाला आणि पाय-पाठ तयार झाली तर पुढच्या वर्षी पूर्ण वाट चालायचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

शेवटी यजमानांच्या पुड्या. तुम्ही त्या घेऊ नका. गुडघ्याला दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टेरॉइडनं हाडं फार झपाट्यानं ठिसूळ होतात. त्यांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा झालाय का, भूक वाढलीय का, कातडीवर जरा लागलं की काळंनिळं पडतं का, हे बघा. तसं असलं तरी पुड्या एकदम बंद करू देऊ नका. बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं. तुम्ही एक्सरेला लातूरला जाल त्याच खेपेला त्यांनाही सोबत न्या, एक पुडी बरोबर घ्या, फिजिशियनला दाखवा, आणि त्यांची साखर, रक्तदाब आणि डेक्साही करून घ्या.